परदेशातली लाच आणि आपल्या वावरातली कपाशी

मृग लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव, कळंब, पांढरकवड्याच्या कृषी केंद्रांपुढे सरकीच्या पाकिटांसाठी गर्दी होते. पाकिटावर वाण असतो, भाव असतो, कंपनीचं नाव असतं. त्याच धंद्यातल्या कंपन्यांनी कोणत्या देशात कोणत्या साहेबाला पैसे चारले, याची नोंद मात्र अमेरिकेतल्या कागदपत्रांत सापडते. ती तिथं का सापडते, याचं मूळ १९७७ सालच्या एका कायद्यात आहे.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना खुर्ची सोडायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशीत अमेरिकी कंपन्यांचे गुप्त निधी उघडे पडले. मग तिथल्या शेअर बाजार नियामकानं खोदकाम केलं, तेव्हा ४०० हून अधिक कंपन्यांनी ३० कोटी डॉलरच्या वर संशयास्पद रकमा वाटल्याचं कबूल केलं. विमानं बनवणाऱ्या लॉकहीडच्या पैशांपायी जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना १९७६ मध्ये अटक झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं हा गुन्हा ठरवला.

या कायद्याचं दुसरं अंग मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे हिशेबाच्या वह्या. शेअर बाजारातल्या कंपनीनं खर्च खरा लिहिला पाहिजे. लाच सिद्ध करणं अवघड असतं, पण लाचेला ‘सल्लागाराची फी’ म्हणून खतवलं, तर ते खोटं बिल हाती लागतं.

इंडोनेशियात नेमकं हेच घडलं. जनुकीय बदल केलेल्या कपाशीसारख्या पिकांना आधी पर्यावरणाची तपासणी लागायची. ती अट उठावी म्हणून २००२ मध्ये मोन्सॅन्टो या अमेरिकी बियाणे कंपनीच्या वतीनं तिथल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला ५०,००० डॉलर दिले गेले आणि ते सल्लागाराच्या बिलात दडवले गेले. पैसे गेले, अट काही उठली नाही. २००५ मध्ये कंपनीनं १५ लाख डॉलर दंड भरला. आपल्याकडे बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या कपाशीला परवानगी मिळाली तीही २००२ च्या मार्चमध्येच. या दोन गोष्टी एकमेकींना जोडायला आधार नाही आणि मी जोडतही नाही. पण ज्या बियाण्यावर इथल्या कोरडवाहू शेतकऱ्यानं सगळा हंगाम लावला, त्याच तंत्राची ती गोष्ट आहे.

दुसरं प्रकरण थेट आपल्या देशातलं. डाऊ केमिकलच्या भारतातल्या कीटकनाशक कंपनीनं १९९६ ते २००१ या काळात सुमारे दोन लाख डॉलर सरकारी लोकांना दिल्याचं अमेरिकी नियामकानं २००७ मध्ये मांडलं. त्यातले ३९,७०० डॉलर केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या एका अधिकाऱ्यासाठी होते, तीन औषधांची नोंदणी लवकर व्हावी म्हणून. बाकी बरंचसं राज्याराज्यांतल्या निरीक्षकांचं चहापाणी, एका वेळी बहुधा शंभर डॉलरच्याही आत. नमुना खोटाच अप्रमाणित ठरवून विक्री थांबवायचं बळ या निरीक्षकांच्या हाती होतं. दंड झाला ३,२५,००० डॉलर, तो अमेरिकेतच जमा झाला. ते औषध पाठीवरच्या पंपात भरून फवारणाऱ्या माणसाचा या हिशेबात कुठं उल्लेखही नाही, आणि ही गोष्ट मला फार लागते.

बाकीचं जग उशिरा जागं झालं. जर्मनीत परदेशी दिलेली लाच १९९० च्या दशकाअखेरपर्यंत खर्च म्हणून करातून वजा होई. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेचा परदेशी लाचेविरुद्धचा १९९७ चा करार आल्यावर ते थांबलं. त्याच देशातल्या सीमेन्स या विजेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला लाचेच्या प्रकरणांत २००८ पर्यंत अमेरिका आणि जर्मनी मिळून १६० कोटी डॉलर मोजावे लागले. तेव्हापासून मोठ्या कंपन्या दलाल, वितरक, सल्लागार यांची बिलं तपासायला स्वतंत्र माणसं ठेवू लागल्या. ब्रिटननं २०१० मध्ये आणखी कडक कायदा केला. काम लवकर व्हावं म्हणून दिलेल्या चिरीमिरीला अमेरिकी कायदा काही प्रमाणात सूट देतो, ब्रिटिश कायदा देत नाही.

भारतानं संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार २०११ मध्ये मंजूर केला. परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचं विधेयकही त्याच वर्षी लोकसभेत आलं, आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. आपल्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनं लाच देणारी कंपनीही दोषी ठरू लागली, पण ती लाच इथल्या लोकसेवकाला दिलेली असेल तरच. उद्या आपल्याच बियाणे कंपनीनं आफ्रिकेतल्या एखाद्या देशात साहेबाचं टेबल गाठलं, तर त्यासाठी भारताकडे वेगळा कायदा नाही. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या कायद्याची नवी प्रकरणं १८० दिवस थांबवायचा आदेश काढला. जूनमध्ये नवे नियम घालून ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा इकडे पेरण्या चालू होत्या.