शाडो, रिडोल्फो

शाडो, रिडोल्फो : (९ जुलै १७८६ – ३१ जानेवारी १८२२). रोममध्ये राहून काम केलेला जर्मन नव-अभिजाततावादी, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणारा, शिल्पकार. कलेच्या इतिहासात त्याची ओळख बहुधा नात्यांवरून करून दिली जाते. बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग वेशीवर चार घोड्यांचा रथ उभा करणारा योहान गोटफ्रीड शाडो हा त्याचा बाप, आणि पुढे ड्युसेलडॉर्फ कला अकादमीचा संचालक झालेला चित्रकार विल्हेल्म शाडो हा त्याचा धाकटा भाऊ. परंतु ‘सँडल बांधणारी’ आणि ‘सूत कातणारी’ या बसलेल्या दोन मुलींची संगमरवरी शिल्पे ही सर्वस्वी त्याची स्वतःची कमाई आहे, आणि ती पाहिल्यावर नात्यांचा आधार घेण्याची गरज उरत नाही.

रिडोल्फोचा जन्म रोमचा. वडील तेव्हा तेथे प्राचीन शिल्पांचा अभ्यास करीत होते. १७८७ मध्ये कुटुंब बर्लिनला परतले आणि पुढच्याच वर्षी वडील प्रशियाच्या दरबाराचे शिल्पकार झाले. त्यामुळे मुलाच्या हाती छिन्नी-हातोडा आला तो घरच्याच कार्यशाळेत. जर्मनीत तो रुडोल्फ, इटलीत रिडोल्फो. पण जन्मगावाने दिलेले इटालियन नावच शेवटी त्याला चिकटले. १८११ पासून दोघे भाऊ रोममध्ये होते.

त्या काळी शिल्पकाराने रोमला जाणे म्हणजे विद्येच्या माहेरी जाणे. इटालियन शिल्पकार आंतोनियो कानोव्हा कीर्तीच्या शिखरावर होता, आणि डेन्मार्कचा शिल्पकार बेर्टेल थोरवाल्डसन १७९७ पासून तेथे ठाण मांडून होता. रिडोल्फो या दोघांच्याही प्रभावाखाली आला. त्यातही थोरवाल्डसनशी त्याचे अधिक जुळले. विल्हेल्मने रंगवलेले एक चित्र बर्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे. त्यात दोघे भाऊ हातात हात देऊन उभे आहेत, एकाजवळ रंगपाटी, दुसऱ्याजवळ हातोडा, आणि मध्ये थोरवाल्डसन. मागे ‘सँडल बांधणारी’ दिसते. भावाच्या कामाला भावाने दिलेली इतकी उघड दाद फार थोड्या चित्रांत सापडेल. १८१४ मध्ये दोघांनीही प्रॉटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक पंथ स्वीकारला. त्यानंतर विल्हेल्म धार्मिक चित्रकलेकडे पुरता वळला. रिडोल्फोनेही बाप्तिस्मा देणारा योहान, माता मेरी व बालयेशू असे विषय हाताळले, परंतु त्याचा खरा जीव ग्रीक वळणाच्या शिल्पांतच रमला.

रोममधले त्याचे पहिले स्वतंत्र शिल्प ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचे. ते नेटके आहे, पण त्या पिढीतल्या कुणाही हुशार विद्यार्थ्याच्या हातून झाले असते. ‘सँडल बांधणारी’ मात्र वेगळी. ही देवी नाही, कथेतली नायिका नाही, तिच्या नावाला पुराण नाही. बाहेर निघण्यापूर्वी एक मुलगी खाली बसून वाकली आहे आणि पायातल्या वहाणेचा पट्टा बांधते आहे, एवढेच. मान झुकलेली, नजर बोटांवर, पाठीचा कणा हलकेच वळलेला. हात आणि पाय जेथे भेटतात तेथे साऱ्या रेषा येऊन मिळतात. आपल्याकडे कुणी पाहत आहे याची तिला जाणीवच नाही, आणि या शिल्पाची गोडी नेमकी तेथे आहे. पायातला काटा काढणाऱ्या मुलाचे प्राचीन ब्राँझशिल्प रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवर शतकानुशतके शिल्पकारांचा अभ्यासविषय होते. या मुलीची बैठक त्याच कुळातली. बव्हेरियाचा राजपुत्र लुडविग याने तिची संगमरवरी प्रत घेतली, आणि ती आज म्युनिकमध्ये आहे.

‘सूत कातणारी’ ही तिची जोडीदारीण. तीही बसलेली, एक हात धागा धरून वर गेलेला, दुसरा खाली चातीशी, म्हणजे आपल्या टकळीशी. पहिल्या शिल्पात शरीर मिटलेले होते, तर येथे ते उलगडते. वर गेलेल्या हातापासून खाली टकळीपर्यंतची धाग्याची वाट डोळा आपसूक चालत जातो. दगडात धागा कातता येत नाही. तो ताण दोन हातांच्या अंतरातून सुचवावा लागतो. रिडोल्फोने तो अचूक सुचवला आहे.

दोन्ही शिल्पांच्या एकाहून अधिक प्रती निघाल्या, आणि यात गैर काही नव्हते. रोमच्या कार्यशाळांची रीतच तशी होती. शिल्पकार मातीत नमुना घडवी. त्यावरून प्लास्टरची प्रतिमा निघे. तिच्यावर मोजमापाचे बिंदू ठोकून तेच बिंदू इटलीतल्या कारारा येथील संगमरवरी ठोकळ्यात उतरवले जात. जादा दगड काढण्याचे काम कसबी पाथरवट करीत, आणि कातडीचा पोत, केस, पापण्या असा शेवटचा हात बहुधा शिल्पकाराचा असे. प्लास्टरची प्रतिमा हाताशी असली की नव्या गिऱ्हाइकासाठी नवी प्रत करता येई. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपातले, विशेषतः इंग्लंडमधले धनिक पुन्हा रोमकडे लोटले होते. डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकने आपल्या चॅट्सवर्थ येथील वाड्यासाठी रिडोल्फोकडून कामे घेतली. ‘सूत कातणारी’ची एक प्रत तेथे आहे. ग्रीक पुराणातले जुळे भाऊ कॅस्टर आणि पोलक्स ल्युसिपसच्या मुलींना पळवून नेत आहेत, हे त्याचे उत्थित शिल्पही (सपाट पृष्ठातून उठावदार आकृती काढलेले) नावाजले गेले. ‘कबुतरे घेतलेली मुलगी’ हे शेवटच्या वर्षांतले शिल्पही त्याच शांत, घरगुती जातीचे.

रिडोल्फोला लहान विषयांचा शिल्पकार म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. नव-अभिजाततावादाने वीर आणि देव पुष्कळ घडवले. पट्टा बांधण्याइतक्या साध्या कृतीला तेवढीच ग्रीक शिस्त आणि तेवढाच आदर देण्याचे धाडस फार थोड्यांनी केले. त्याच्या मुली गोड आहेत हे खरे, पण लाडिक नाहीत. कामात गढलेल्या माणसाची प्रतिष्ठा त्यांच्यात आहे.

अखेरीस त्याला मोठा विषयही मिळाला. प्रशियाच्या राजासाठी तो अकिलीज आणि पेंथेसिलिया यांचे भव्य युगुलशिल्प घडवत होता. ॲमेझॉन या लढवय्या स्त्रियांची राणी पेंथेसिलिया हिला रणात मारल्यावर ग्रीक वीर अकिलीज तिच्याच मृतदेहाचे रक्षण करतो, असा तो प्रसंग. काम चालू असतानाच, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी रिडोल्फो रोममध्ये वारला. बापाला पुढे आणखी २८ वर्षे आयुष्य लाभले. बर्लिनहून आलेला नात्यातलाच तरुण शिल्पकार एमिल वोल्फ याने कार्यशाळा हाती घेतली आणि अपुरे युगुलशिल्प पुरे केले. रिडोल्फोचे थडगेही वोल्फनेच घडवले. ते रोमच्या सांत आंद्रेआ देल्ले फ्रात्ते या चर्चमध्ये आहे. शिल्पकार बेर्निनीचे दोन संगमरवरी देवदूत आणि चित्रकर्ती आंगेलिका काउफमान हिची समाधी याच छपराखाली आहेत.