याईराच्या मुलीचं वय शेवटी का? शुभवर्तमानं कथा म्हणून कशी वाचतात

बायबलमध्ये येशूच्या आयुष्याच्या चार कथा आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या; त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याईर नावाचा यहुदी सभास्थानाचा अधिकारी येशूच्या पाया पडतो. त्याची लहान मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे. येशू त्याच्याबरोबर निघतो. वाटेत गर्दीतून एक बाई मागून येते आणि त्याच्या वस्त्राला शिवते. बारा वर्षं तिला रक्तस्राव होतो आहे. ती बरी होते, येशू थांबून चौकशी करतो, आणि त्या खोळंब्यात याईराच्या घरून निरोप येतो की मुलगी गेली. तरीही येशू त्या घरी जातो, मुलीचा हात धरून तिला उठवतो. ती चालू लागते आणि मग निवेदक सांगतो, ती बारा वर्षांची होती.

लूकने हाच प्रसंग घेतला, पण मुलीचं वय त्याने अगदी सुरुवातीला सांगून टाकलं (लूक ८:४२). लगेच पुढच्या वचनात बाईच्या दुखण्याची बारा वर्षं येतात. मत्तयाने मुलीचं वय गाळलंच. प्रसंग एकच, आकडाही तोच, पण वाचकाच्या हाती तो कधी पडतो यात तिघांचा फरक आहे. मार्क वाचणाऱ्याला दोन ‘बारां’ची सांगड आपणहून घालावी लागते, तीही दोन्ही जीव वाचल्यानंतर: ही मुलगी जन्मली तेव्हाच त्या बाईचं दुखणं सुरू झालं होतं. शुभवर्तमानांच्या साहित्यिक अभ्यासाचा विषय नेमका हाच आहे. काय घडलं याइतकंच महत्त्व त्यात कोणती गोष्ट कुठे ठेवली, कुणाला कधी कळली आणि काय सांगायचं राहिलं याला असतं.

ही पद्धत तशी अलीकडची. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना मुख्यतः कुणी कुणाकडून मजकूर घेतला हे शोधायचं होतं. मार्क सर्वांत आधीचा, बहुधा इ. स. ७०च्या आसपासचा, आणि मत्तय व लूक यांनी तो समोर ठेवून लिहिलं, हा निष्कर्ष आज बहुसंख्य अभ्यासक मानतात. मार्कमधला सुमारे ९० टक्के मजकूर मत्तयात या ना त्या रूपात सापडतो. १९१९ ते १९२१ या काळात जर्मनीत कार्ल लुडविग श्मिट, मार्टिन डिबेलियस आणि रुडॉल्फ बुल्टमान यांनी शुभवर्तमानांचे छोटे छोटे तुकडे पाडले. दृष्टान्त, चमत्कारकथा, वादाचे प्रसंग हे आधी तोंडोतोंडी फिरत होते आणि मार्कने ते एका दोऱ्यात ओवले, असं त्यांचं म्हणणं होतं. १९५०च्या दशकात लक्ष ओवणाऱ्याकडे गेलं. संपादक म्हणून त्याने काय बदललं, हा प्रश्न आला. १९८०च्या सुमारास अमेरिकेत डेव्हिड रोड्स, अॅलन कल्पेपर अशा अभ्यासकांनी कादंबरीच्या समीक्षेतली हत्यारं उचलली आणि अखंड शुभवर्तमान एक कथा म्हणून वाचायला घेतलं. निवेदक, पात्रं, कथानक, स्थळ, काळ, उपरोध. या पद्धतीला आपण कथनमीमांसा म्हणू.

हे घरी करून पाहता येतं आणि त्यासाठी ग्रीक यायलाच हवं असं नाही. मार्क घ्यावा, कारण तो सर्वांत लहान आहे. सोळा अध्याय, मोठ्याने वाचले तर साधारण दीड-दोन तास. पहिलं वाचन एका बैठकीत आणि मोठ्यानेच करावं. पहिल्या शतकात बहुतेक लोकांनी हा मजकूर ऐकलेला होता, डोळ्यांनी वाचलेला नव्हता, आणि त्याच्या पुष्कळशा युक्त्या कानासाठीच आहेत. छापील मथळे झाकून ठेवावेत. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे, वचनांचे आकडे तर १५५१ साली रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. ही विभागणी अनेकदा कथेच्या आड येते. आठव्या अध्यायाच्या शेवटचं येशूचं बोलणं खरं तर ९:१ला संपतं, पण अध्याय मध्येच तुटल्यामुळे ते वाक्य पुढच्या डोंगरावरच्या प्रसंगाचं वाटू लागतं.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्यावी. जिथे स्थळ, वेळ किंवा माणसं बदलतात तिथे आडवी रेघ मारावी. मग प्रत्येक तुकड्याशेजारी लिहावं: इथे कोण आहे, कुणाला काय माहीत आहे, आणि वाचकाला त्याहून जास्त काय माहीत आहे. हा शेवटचा रकाना भरायचा कंटाळा येतो, पण सगळं पीक त्यातच आहे. मार्क पहिल्याच वाक्यात येशू कोण हे वाचकाला सांगून मोकळा होतो. कथेतल्या माणसांना मात्र ते कळत नाही. भुतं त्याला ओळखतात (१:२४, ३:११, ५:७), तो त्यांना गप्प करतो. शिष्य वादळ शमल्यावर विचारतात, हा आहे तरी कोण? ‘हा खरोखर देवाचा पुत्र होता’ असं पहिल्यांदा एक माणूस म्हणतो तो पंधराव्या अध्यायात, येशूचा प्राण गेल्यावर, आणि तो माणूस म्हणजे वधस्तंभाजवळ उभा असलेला रोमी शताधिपती. पेत्राने आठव्या अध्यायात ‘तुम्ही ख्रिस्त आहात’ म्हटलेलं आहे, पण पुढच्याच दमात तो येशूला दुःख सोसण्यापासून परावृत्त करू पाहतो आणि कडक बोल खातो. वाचकाला उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा होतो: हे शब्द म्हणजे नेमकं काय, हे या माणसांना कधी आणि कशाने उमगेल?

तिसरी पायरी जोड्या शोधण्याची. बेथसैदाचा आंधळा दोन टप्प्यांत बरा होतो; पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात (८:२२–२६). दहाव्या अध्यायाच्या शेवटी बर्तीमय हा दुसरा आंधळा एका शब्दात बरा होतो आणि येशूच्या मागे वाटेने चालू लागतो. या दोन आंधळ्यांच्या मध्ये येशू आपल्या मरणाविषयी तीनदा बोलतो (८:३१, ९:३१, १०:३३–३४) आणि तिन्ही वेळा शिष्य भलतंच काही ऐकतात. पेत्र त्याला दटावतो, मग आपल्यात मोठा कोण यावर वाद होतो, मग याकोब आणि योहान उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात. डोळे असून दिसत नाही का, असं येशू शिष्यांना पहिल्या आंधळ्याच्या आधीच विचारतो (८:१८); पुढे मार्क ते पुन्हा सांगत बसत नाही. त्याने फक्त दोन आंधळे दोन टोकांना बसवले आहेत. मला मार्कची ही बांधणी फार मोलाची वाटते, कारण त्याची भाषा साधी, जवळजवळ खडबडीत आहे. ‘आणि… आणि… लगेच’ अशी वाक्यं पुढे ढकलत तो जातो. कसब वाक्यात नाही, जुळणीत आहे.

या जुळणीतली सर्वांत परिचित रीत म्हणजे एका गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट घालणं. पंचतंत्रात एखादं पात्र दुसऱ्याला गोष्ट सांगतं, म्हणून पोटकथा येते. इथे तसं नाही. इथे निवेदकच पहिली गोष्ट ऐन मध्यावर तोडतो, दुसरी पूर्ण करतो आणि पहिलीकडे परततो. अशा सहा जागांबद्दल बहुतेकांचं एकमत आहे, काही अभ्यासक अधिक मोजतात. खरी जागा ओळखायची एक साधी कसोटी आहे. मधली गोष्ट उचलून बाजूला ठेवा. बाहेरचे दोन तुकडे सहज सांधले गेले पाहिजेत, आणि सांधल्यावर काहीतरी हरवलं आहे हेही जाणवलं पाहिजे. याईराच्या गोष्टीत ५:२४ला थेट ५:३५ जोडून पाहा. कथा चालते, पण याईराची परीक्षा जाते. मुलीचा प्राण कंठाशी आलेला असताना येशू एका अनोळखी बाईसाठी थांबतो आणि बाप शेजारी उभा आहे. मार्क त्याच्या मनाचं वर्णन करत नाही. निरोप्ये येतात तेव्हा येशू म्हणतो, भिऊ नको, फक्त विश्वास ठेव. विश्वास म्हणजे काय हे याईराने आत्ताच समोर पाहिलेलं आहे, त्या बाईत. तिला येशूने ‘मुली’ म्हणून हाक मारली, आणि त्याच क्षणी याईराला ऐकावं लागलं की तुझी मुलगी मेली.

आता मत्तयाशी ताडून पाहा. मार्कची २३ वचनं त्याने ९ वर आणली. मुलगी सुरुवातीलाच मेलेली आहे, त्यामुळे निरोप्ये नाहीत, खोळंब्याचा ताण नाही. वैद्यांवर सर्वस्व खर्चूनही दुखणं वाढतच गेलं ही मार्कची टोचरी ओळ गेली. वाटेतली गर्दी गेली, ‘मला कोण शिवलं?’ हा प्रश्नही गेला. मत्तयाने काम बिघडवलं असं समजू नये. त्याच्या आठव्या-नवव्या अध्यायांत चमत्कारांची मालिका आहे, आणि तिथे येशूचा शब्द आणि अधिकार ठळक दिसावा म्हणून तो प्रत्येक कथा छाटतो. तुलना करताना कोणता श्रेष्ठ हे ठरवायचं नसतं. काय बदललं आणि त्या बदलाने त्याच्या स्वतःच्या कथेत काय साधलं, एवढंच नोंदवायचं असतं.

अंजिराच्या झाडाची कथा याहून अवघड. येशूला भूक लागते, पानांनी भरलेल्या अंजिरावर फळ सापडत नाही, तो झाडाला शाप देतो. आणि मार्क म्हणतो, अंजिरांचा हंगामच नव्हता (११:१३). नुसतं एवढंच वाचलं तर हा राग अन्यायाचा वाटतो. पण मग येशू मंदिरात जाऊन विक्रेत्यांना हुसकतो, सराफांचे चौरंग उलथतो, आणि दुसऱ्या सकाळी झाड मुळापासून वाळलेलं दिसतं. झाड आणि मंदिर एकमेकांवर प्रकाश टाकतात: बाहेरून हिरवंगार, फळ नाही. आदल्या संध्याकाळी येशू मंदिरात जाऊन सगळं नुसतं पाहून परतला होता (११:११), ही बारीक नोंदही तेव्हा अर्थाची होते. मत्तयात मंदिर आधी येतं, झाड दुसऱ्या दिवशी, आणि ते तिथल्या तिथे वाळतं. मांडणी सुटली आणि प्रसंग प्रार्थनेच्या सामर्थ्याचा झाला.

चुका कुठे होतात? सर्वांत मोठी चूक म्हणजे चारही शुभवर्तमानं एकत्र कालवणं. ही सवय फार जुनी आहे. इ. स. १७०च्या सुमारास तातियनने चौघांची एक सलग कथा केली आणि सिरियातल्या चर्चमध्ये ती पाचव्या शतकापर्यंत चालली. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांमध्ये हेच करतं. पुराण सांगायचं तर सलग कथा हवी, आणि स्टीफन्सची मराठी अशी आहे की ते काम त्याने सुंदर केलं. पण मार्कचा अभ्यास करताना मत्तयातलं वाक्य आणून मार्कची फट बुजवली की मार्कने ठेवलेली फटच नाहीशी होते. त्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण शेवटाचं आहे. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन आणि सिनाय या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत मार्क १६:८ला संपतो: बायका कबरेतून पळाल्या, त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, कारण त्या भ्याल्या होत्या. नंतरची बारा वचनं पुढे कुणीतरी जोडली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मूळ शेवट हरवला की मार्कने इथेच थांबायचं ठरवलं होतं, यावर वाद आहे. कथनमीमांसा दुसऱ्या बाजूला झुकते आणि तिच्याकडे पुरावा आहे: वादळानंतर, गरसेकरांच्या मुलखात, यरुशलेमच्या वाटेवर, मार्कची माणसं येशूच्या जवळ आली की भितात. शेवटची भीती त्या ओळीतली आहे.

दुसरी चूक बाहेरचा मजकूर आत घुसडण्याची. रक्तस्रावी बाईच्या गोष्टीवर बोलताना यहुदी धर्मशास्त्राने तिला वाळीत टाकलं होतं असं सर्रास सांगितलं जातं. मार्कमध्ये तसं एक अक्षर नाही. तिचा पैसा आणि प्रकृती गेली एवढंच तो सांगतो. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाची (तिथे रक्तस्रावाच्या अशुद्धतेचे नियम आहेत) पार्श्वभूमी अभ्यासात घ्यावी, पण तिचा आधार घेऊन एका संबंध समाजाला निर्दय ठरवणं हे वाचन नव्हे. त्याने प्रत्यक्ष माणसांचं नुकसान झालं आहे.

तिसरी चूक, सगळीकडे नक्षी दिसू लागणं. एकदा पोटातल्या गोष्टींची चटक लागली की प्रत्येक अध्याय आरशातल्या प्रतिबिंबासारखा समतोल भासतो. म्हणून काढून पाहण्याची कसोटी आणि पुनरुक्त तपशील, दोन्ही असल्याखेरीज दावा करू नये.

आणि मांडणी सुबक आहे, म्हणून घटना रचलेली, किंवा उलट, तपशील जिवंत आहे, म्हणून घटना खरी, हे दोन्ही निष्कर्ष या पद्धतीतून निघत नाहीत. येशूच्या अटकेनंतर पेत्र ‘मी त्याला ओळखत नाही’ असं म्हणून त्याला नाकारतो, तो प्रसंग पाहा. मार्कमध्ये पेत्र अंगणात शेकत बसतो, आत चौकशी चालते, काही जण येशूला ठोसे मारत ‘संदेश दे’ (म्हणजे संदेष्टा असशील तर भाकीत कर) म्हणून हिणवतात, आणि लगेच बाहेर पेत्र तीनदा नाकारतो, म्हणजे पेत्र नाकारेल हे येशूने आधी केलेलं भाकीत नेमकं तेव्हाच खरं ठरतं. लूकने ही वीण उसवली. त्याच्याकडे आधी नकार, मग थट्टा, मग सकाळी न्यायसभा. यावरून ही गुंफण मार्कचीच म्हणावी, तर योहानाच्या अठराव्या अध्यायातही पेत्राचा नकार चौकशीच्या दोन्ही बाजूंना विभागलेला आहे. योहानाने मार्क वाचला होता, की दोघांच्या आधीच ही कथा अशी सांगितली जात होती? पहिलं मानलं तर गुंफण मार्कची, दुसरं मानलं तर त्याला ती वारशाने मिळाली, आणि त्याचं स्वतःचं काम ‘संदेश दे’ हे शब्द नकाराच्या अगदी अलीकडे आणून ठेवण्यापुरतं उरतं. योहानात ते शब्द नाहीत.