१४ फेब्रुवारी आणि भगतसिंग

फेब्रुवारी उजाडला की फॅमिली ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो: "१४ फेब्रुवारीला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले आणि तुम्ही गुलाब कसले वाटता?" खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. कुणी "फाशी" टाकतं, तर कुणी जरा सावधपणे "फाशीची शिक्षा सुनावली" असं लिहितं.

दोन्ही चूक. या तिघांवरच्या लाहोर कटाच्या, म्हणजे पोलीस अधिकारी सॉन्डर्सच्या खुनाच्या, खटल्यासाठी व्हाइसरॉयने वटहुकूम काढून खास न्यायाधिकरण नेमलं होतं. त्याने शिक्षा सुनावली ती ७ ऑक्टोबर १९३० रोजी. फाशी झाली २३ मार्च १९३१ ला, लाहोर तुरुंगात. खरं तर तारीख ठरली होती २४ मार्चची सकाळ. फाशी पहाटे-सकाळी द्यायची हा रिवाज. पण लोक खवळतील या धास्तीने सरकारने तो मोडला आणि आदल्या संध्याकाळीच तिघांना फासावर चढवलं. मृतदेहही नातेवाइकांना दिले नाहीत, रातोरात सतलजच्या काठी नेऊन जाळले.

मग १४ फेब्रुवारी आली कुठून? त्या दिवशी, १९३१ साली, काँग्रेसचे नेते मदनमोहन मालवीयांनी फाशी रद्द करण्यासाठी व्हाइसरॉय आयर्विनकडे दयेची विनंती केली होती. तेवढाच काय तो धागा. बाकी सगळी करामत व्हॅलेंटाइन डेच्या रागाची.

गंमत म्हणजे राजगुरू आपल्या पुण्याजवळच्या खेडचे, गावाला आज राजगुरुनगर म्हणतात, आणि हा मेसेज मला दरवर्षी पहिल्यांदा येतो तो पुण्यातूनच.