थंड पाण्यातलं डायव्हिंग: एकेका साधनामागची अडचण

थंड पाण्यातल्या डायव्हिंगचं प्रमाणपत्र नुकतंच हातात पडलेलं असतं आणि लगेच खरेदीचे प्रश्न सुरू होतात. जाड वेटसूट (आत थोडं पाणी शिरू देणारा सूट) घ्यावा की थेट ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा)? रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली दाबाखालची हवा श्वासाजोगी करून देणारं साधन, ‘सील्ड’च का हवा? वजनं इतकी का लागतात? या प्रत्येक प्रश्नामागे एक जुनी अडचण आहे. ती सोडवताना पुढची उभी राहिली, मग तिच्यावर उपाय शोधावा लागला. हा क्रम कळला की पैसे आधी कशावर घालायचे, ते ठरवणं सोपं जातं.

पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे पाणबुड्याला ऊब कशी द्यायची हा प्रश्न स्कुबाच्याही, म्हणजे पाठीवर सिलिंडर घेऊन केलेल्या डायव्हिंगच्याही, आधीचा. १८३० च्या दशकात ऑगस्टस सीबे यांनी धातूचं शिरस्त्राण आणि पाणी आत न येणारा पोशाख एकमेकांना जोडला. वरून पंपाने हवा येई, अंग कोरडं राही आणि आत लोकरीचे कपडे घालता येत. बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ जहाजावर १८३९ पासून जे काम चाललं, ते याच पद्धतीच्या पोशाखात. ऊब मिळाली, पण माणूस नळीने वरच्या बोटीला बांधलेला राहिला.

ती नळी सुटली १९४३ मध्ये. युद्धाच्या टंचाईत मोटारी गॅसवर चालवण्यासाठी केलेला एक व्हॉल्व्ह एमिल गानियाँ या अभियंत्याकडे होता. तो त्यांनी आणि जाक-ईव्ह कुस्तो यांनी श्वासासाठी बदलून घेतला. पहिली चाचणी ऐन जानेवारीत, पॅरिसजवळच्या मार्न नदीत झाली. कुस्तो आडवे पोहत तेव्हा हवा नीट येई. उभे राहिले की ती धो धो वाहून जाई, आणि डोकं खाली केलं की ओढून घ्यावी लागे. श्वास बाहेर टाकायची जागा आणि हवेचा पुरवठा उघडणारा पडदा यांच्या खोलीत फरक पडत होता. दोन्ही शेजारी आणताच काम झालं. पुढची डायव्हिंग मात्र भूमध्य समुद्रात बहरली. माणूस मोकळा झाला खरा, पण सीबेंच्या पोशाखातली ऊब या मोकळेपणात उरली नव्हती.

ती परत आणायला आधी रबराचे पातळ कोरडे सूट वापरले गेले. आत लोकर, बाहेर रबर. खोल जाताना आतली हवा आकसायची, रबराच्या घड्या कातडीला चिमटे घ्यायच्या आणि अंगावर वळ उठायचे. एखादं भोक पडलं की लोकर भिजून सगळी ऊब संपायची.

यावरचं उत्तर एका भौतिकशास्त्रज्ञाने दिलं, आणि मला ते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत देखणं वाटतं. बर्कलीचे ह्यू ब्रॅडनर १९५१-५२ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांचा विचार करत होते. अंग कोरडं राहण्याची गरजच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. ऊब धरून ठेवतात ते कापडातले वायूचे बारीक बुडबुडे. ते असले तर आत थोडं पाणी शिरल्याने बिघडत नाही. विलर्ड बॅस्कम या सहकाऱ्याने फुगवलेलं निओप्रीन (बुडबुडे असलेलं कृत्रिम रबर) सुचवलं आणि वेटसूट जन्माला आला. सुरुवातीच्या निओप्रीनला कापडाचं अस्तर नसे. ते अंगाला चिकटायचं, टॅल्कम पावडर लावून चढवावं लागायचं आणि नखाने फाटायचं.

या बुडबुड्यांचीही एक मर्यादा आहे. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. बुडबुडे चेपतात, सूट पातळ होतो आणि नेमकं जिथे पाणी अधिक गार तिथे ऊब कमी पडते. उथळ पाण्यात जाड वेटसूट चांगला टिकाव धरतो. खोल किंवा जास्त वेळ जायचं असेल तर ड्रायसूटच हवा, आणि याबाबत माझ्या मनात शंका नाही.

आजच्या ड्रायसूटचं रूप १९६० च्या दशकात स्वीडनच्या पोसायडन कंपनीच्या ‘युनिसूट’ने रूढ केलं. पाणी न शिरणारी चेन, सिलिंडरमधली हवा आत घेणारा व्हॉल्व्ह आणि ती बाहेर सोडणारा दुसरा व्हॉल्व्ह. खाली जाताना थोडी हवा घेतली की चिमटे बंद. पण सूटमध्ये हवा म्हणजे जास्त तरंगणं, म्हणून कमरेला जास्त वजन. शिवाय वर येताना ती हवा फुगते आणि वेळेवर सोडली नाही तर डायव्हरला झपाट्याने वर नेते. ड्रायसूटचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं ते यासाठी. त्याची फी खरेदीच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरावी.

वेटसूटवाल्यांची वजनाची अडचण वेगळी होती. वरती तरंगणारा सूट तळाशी चेपला की तेच वजन माणसाला खाली ओढायचं. १९६१ मध्ये फ्रान्सच्या मॉरिस फेंझी यांनी गळ्यात घालायची फुगवता येणारी पिशवी आणली, तिला स्वतःचा छोटा सिलिंडर होता. आजचं बीसीडी जॅकेट, म्हणजे हवा भरून तरंगणं कमी-जास्त करायचं जॅकेट, याच कल्पनेतून पुढे आलं. थंड पाण्यासाठी ते निवडताना खिशांपेक्षा ते किती वजन उचलून धरतं, हे आधी बघावं.

आता रेग्युलेटर, कारण जिवाशी गाठ इथे आहे. सिलिंडरमधली सुमारे २०० बार दाबाची हवा (१ बार म्हणजे साधारण पृष्ठभागावरच्या हवेचा दाब) सिलिंडरवर बसवलेल्या रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात साधारण १० बारवर येते आणि प्रसरण पावताना प्रचंड थंड होते. धातू शून्याखाली जातो. पाणी ४ अंशांच्या आसपास असलं तर ते त्याला पुरेशी उष्णता देऊ शकत नाही. स्प्रिंगभोवती बर्फ धरतो, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो आणि हवा अखंड वाहू लागते. वाहती हवा आणखी गारठवते, त्यामुळे हे आपोआप थांबत नाही. १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियात टेड एल्ड्रेड यांनी ‘पॉरपॉइज’ हा एका नळीचा रेग्युलेटर आणला आणि तीच रचना जगभर रुजली. त्यात हवा श्वासाच्या दाबावर आणणारा दुसरा टप्पा तोंडाशी आला, म्हणजे उच्छ्वासातली वाफ गोठायला आणखी एक जागा झाली.

उपाय असा निघाला की स्प्रिंगच्या कप्प्यात पाणी येऊच द्यायचं नाही. एक जादा पडदा बसवायचा आणि बाहेरचा दाब त्याच्यामार्फत आत पोचवायचा. ‘सील्ड’ म्हणतात ते हेच. युरोपच्या ईएन २५० मानकात थंड पाण्यातली चाचणी आहे, आणि १० अंशांखाली न चालणाऱ्या रेग्युलेटरवर तशी खूण असते. ती खूण बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तरीही बर्फ धरू शकतो. म्हणून गारठ्यात उघड्यावर रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघत नाहीत आणि सूट फुगवताना बटण क्षणभरच दाबतात. एकाच पहिल्या टप्प्याला दोन दुसरे टप्पे जोडलेले असले तर तो गोठताच दोन्ही वाहतात. त्यामुळे अतिथंड पाण्यात दोन वेगळे पहिले टप्पे, सिलिंडरच्या दोन वेगळ्या व्हॉल्व्हवर बसवण्याची पद्धत आली.

हातांचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. जाड हातमोज्यांत बोटं सुन्न होत नाहीत, पण बारीक बकल सापडत नाही. दुकानात जाताना मोजे सोबत न्यावेत आणि प्रत्येक कडी, प्रत्येक बटण ते घालूनच चालवून बघावं. कोरडे हातमोजे (आत पाणी न शिरणारे) घेतले तर सूटमधली हवा त्यांत पोचावी म्हणून मनगटाच्या सीलखाली (सूटच्या बाहीच्या टोकाला पाणी अडवणाऱ्या घट्ट पट्टीखाली) लहानशी नळी सरकवतात. ती नसेल तर मोजा चेपून हाताला चिमटे घेतो. ती असेल आणि मोजा फाटला, तर त्याच वाटेने पाणी बाहीत शिरतं.