उसासा मोजायचा कसा? नैराश्य आणि तरुण फुप्फुसं : पार्श्वभूमी

दम्याच्या माणसाला आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. एक, ‘धुळीत जाऊ नकोस.’ दुसरं, ‘फार मनाला लावून घेऊ नकोस.’ दुसऱ्यामागची समजूत फार जुनी आहे. आपली भाषाच दुःखाला छातीत बसवते : ऊर भरून येतो, जीव गुदमरतो, उसासा सुटतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कशात काय श्रेष्ठ याची लांबलचक यादी आहे, तिच्यात ‘विषादो रोगवर्धनानाम्’ असं येतं. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत खिन्नता पहिली. पण समजूत असणं निराळं आणि मन व श्वास दोन्ही मोजून त्यांचं नातं तपासणं निराळं. त्याला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

आधी श्वास मोजता आला. लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये २,१३० जणांच्या मोजणीवर निबंध वाचला. त्यांचं यंत्र साधं होतं : पाण्यात उपडं ठेवलेलं भांडं, आणि फुंकलेल्या हवेने ते किती वर उचललं जातं ते दाखवणारी पट्टी. खलाशी, पोलीस, आग विझवणारे, कुस्तीगीर अशा नाना तऱ्हेच्या माणसांना त्यांनी फुंकायला लावलं. उंची वाढते तशी फुंकलेली हवा वाढते, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे १९४७ मध्ये फ्रान्सच्या तिफनो यांनी पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते याकडे लक्ष वेधलं. आज पीएफटीच्या, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘एफईव्ही-वन’ म्हणून जो आकडा डॉक्टर सगळ्यात आधी बघतात, तो तिथून आला.

मनाची बाजू मात्र मधल्या काळात भलत्याच वाटेला गेली. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रांझ अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात दम्याचं मूळ आईपासून तुटण्याच्या भीतीत शोधलं. दम्याचा झटका म्हणजे आईसाठीचं दाबून ठेवलेलं रडणं, असा त्यांचा अर्थ. या मताने किती घरांत आयांना अपराधी केलं असेल, याचा विचार आला की मला आजही वाईट वाटतं. श्वासनलिकांची सूज हा दम्याचा गाभा आहे हे स्पष्ट झालं, तेव्हा हे मत मागे पडलं आणि त्याच्याबरोबर मनाचा विषयही. छातीच्या डॉक्टरांनी मन बाजूला ठेवलं.

मनाचा विषय परत आला सीओपीडीच्या म्हाताऱ्या रुग्णांमुळे. सीओपीडी म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होत जाऊन धाप लागण्याचा जुनाट आजार. दोन पायऱ्या चढून धाप लागणारा, घराबाहेर पडणं सोडलेला माणूस उदास असतो, हे कोणालाही दिसतं. म्हणून बाण एकाच दिशेने काढला गेला : आधी फुप्फुसं गेली, मग मन खचलं. पण साठीतल्या रुग्णाकडे पाहून कशाच्या आधी काय झालं हे ठरवता येत नाही. तोवर चाळीस वर्षांची बिडी, चूल, धूळ, औषधं, दारिद्र्य सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

तरुणांकडे वळण्याचं कारण हेच, आणि दुसरंही एक आहे. फुप्फुसांची क्षमता विशीत, साधारण पंचविशीपर्यंत, शिखर गाठते आणि मग हळूहळू उतरते. फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ मध्ये धूम्रपानाने हा उतार कसा तीव्र होतो ते दाखवलं, आणि कित्येक वर्षं सगळ्यांची नजर उतारावरच राहिली. शिखरच बुटकं असलं तर काय, हे २०१५ मध्ये लांगे आणि सहकाऱ्यांनी ठळकपणे मांडलं : चाळिशीच्या आत ज्यांचं एफईव्ही-वन अपेक्षेच्या ८० टक्क्यांहून कमी होतं, त्यांच्यातल्या २६ टक्क्यांना पुढच्या सुमारे २२ वर्षांत सीओपीडी झाला, बाकीच्यांत ७ टक्क्यांना. म्हणजे विशी-तिशीतला आकडा निरोगी दिसणाऱ्या माणसाचं भविष्य सांगतो. त्या वयात मनाचं काय चाललंय, हा प्रश्न मग गौण राहत नाही.

यासाठी लागणारी माहिती आधीपासूनच गोळा होत होती, तीही हृदयविकारासाठी. अमेरिकेत १९८५-८६ मध्ये ‘कार्डिया’ नावाचा अभ्यास सुरू झाला. बर्मिंगहॅम, शिकागो, मिनिआपोलिस आणि ओकलंड या चार शहरांतले १८ ते ३० वयाचे ५,११५ कृष्णवर्णीय आणि गोरे तरुण-तरुणी त्यात होते. त्यांची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून केलेली श्वासाची मोजणी, पहिल्यापासून होती. पाचव्या वर्षी त्यात नैराश्याची प्रश्नावली आली. या माहितीतून २००७ मध्ये बेनिटा जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, मनात वैरभाव जास्त असलेल्यांची फुप्फुसांची क्षमता बहुतेक गटांत थोडी कमी भरते. फरक लहान होता, पण तो तरुण आणि बहुतांशी निरोगी माणसांत दिसला, याला महत्त्व आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीच्या १९७१ ते ७५ मधल्या माहितीवरून रेनी गुडविन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांत कमी फुप्फुसक्षमता आणि मानसिक त्रास यांचा संबंध मांडला.

मन आणि फुप्फुसं ही दोन टोकं जोडणारे धागे एकाहून जास्त आहेत. सिगारेट हा सगळ्यात जाड. नैराश्य येऊन गेलेली माणसं जास्त ओढतात आणि त्यांना ती सोडणं जास्त जड जातं, हे १९९० मध्ये ग्लासमन यांनी दाखवलं. दुसरा धागा शरीरभर मंद पेटलेल्या दाहाचा. त्याच्या खुणा दोन्ही आजारांत रक्तात सापडतात. तिसरा मला सर्वांत बोचतो, कारण तो जन्माआधीच सुरू होतो. म्हैसूरच्या एका इस्पितळात जन्मलेल्यांचा मोठेपणी अभ्यास झाला आणि १९९७ मध्ये दिसलं की जन्मतः वजन कमी, तर पुढे एफईव्ही-वन कमी. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं, त्यात चुलीचा धूर अग्रभागी होता. ज्या घरात आईला पुरेसं अन्न नाही आणि पोर धुरात वाढतं, तिथे मनाला उभारी देणाऱ्या गोष्टीही थोड्याच असतात. एकाच मुळातून दोन्ही फांद्या फुटत असतील, तर आधी कोण हा प्रश्नच बदलतो.

एक अडचण मात्र यंत्राजवळच बसलेली आहे. पीएफटीच्या खोलीत नाकाला चिमटा लावतात, पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायला सांगतात आणि तंत्रज्ञ जवळजवळ ओरडतात : ‘घ्या, घ्या, पूर्ण घ्या… आता जोरात! फुंका, फुंका, अजून, थांबू नका!’ सहा सेकंद फुंकत राहायचं, आणि निदान तीन वेळा नीट जमायला हवं. तिसऱ्या वेळेला धडधाकट माणसाचेही डोळे पाणावतात. आकडा फुप्फुसांचा खरा, पण तो निघतो जोर लावण्यातून. आणि कार्डियात वापरलेल्या वीस प्रश्नांच्या प्रश्नावलीत एक विधान असं आहे की गेल्या आठवड्यात जे काही केलं ते सगळं ओढूनताणून करावं लागलं. त्यापुढे ‘बहुतेक वेळ’ अशी खूण करणारा मुलगा किंवा मुलगी त्याच दिवशी शेजारच्या टेबलावर नळी तोंडात धरून बसते.