लिंबाच्या वासाचा गांजा: ‘सुपर लेमन हेझ’ची वंशावळ

डबीचं झाकण उघडलं की आधी लिंबाची साल किसल्यासारखा वास येतो. गांजाचा ओळखीचा उग्र दर्प त्याच्या मागून. ‘सुपर लेमन हेझ’ या वाणाची सगळी कीर्ती या पहिल्या क्षणावर उभी आहे. ॲम्स्टरडॅमच्या ग्रीन हाऊस सीड कंपनीने लेमन स्कंक आणि सुपर सिल्व्हर हेझ यांच्या संकरातून हा वाण काढला. २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने तिथली ‘कॅनाबिस कप’ स्पर्धा जिंकली. पुढे नावात ‘लेमन’ असलेल्या वाणांचं पेवच फुटलं.

लेमन स्कंक आणि सुपर सिल्व्हर हेझ या पालकांच्या नावांतच दोन घराणी आहेत: हेझ आणि स्कंक. ‘हेझ’चं मूळ कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ भागात, १९७०च्या दशकाच्या आसपासचं. कोलंबिया, मेक्सिको, थायलंड आणि दक्षिण भारत इथल्या बियांची सरमिसळ त्यात झाली, असं मानलं जातं. मानलं जातं, एवढंच. कारण धंदा चोरीचा होता आणि नोंदवही ठेवणं म्हणजे स्वतःविरुद्धच पुरावा लिहून ठेवणं. रक्त उष्ण कटिबंधातलं असल्यामुळे झाड उंच आणि सडपातळ वाढायचं. फुलोरा पक्व व्हायला तीन महिने किंवा त्याहूनही जास्त लागायचे. वासावर लोक खूश, पण वाट पाहायला कोणी तयार नाही.

‘स्कंक’ची गोष्ट उलटी. अफगाण, मेक्सिकन आणि कोलंबियन वाणांच्या या संकरात अफगाण बाजूने ठेंगणेपणा, भरगच्च फुलोरा आणि लवकर पिकण्याचा गुण आला. वास मात्र इतका तीव्र की त्याला दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचंच नाव मिळालं.

ही दोन्ही घराणी अमेरिकेतली, पण त्यांचा संसार नेदरलँड्समध्ये फुलला. तिथे १९७६च्या कायद्याने गांजा-चरसला हेरॉइनसारख्या अमली पदार्थांपासून वेगळं काढलं आणि गांजा विकणाऱ्या ‘कॉफीशॉप’ नावाच्या दुकानांतल्या किरकोळ विक्रीकडे काणाडोळा होऊ लागला. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातलं बियाणं तिकडे पोचलं. १९८८मध्ये अमेरिकेच्या ‘हाय टाइम्स’ मासिकाने ॲम्स्टरडॅममध्ये कप सुरू केला. डच हवामानात उघड्यावर हेझ पिकणं अवघड, म्हणून लागवड छपराखाली, दिव्यांच्या उजेडात गेली. तिथे उंची आणि वेळ दोन्ही महाग. हेझचा सुवास स्कंकच्या वेळात बसवणं हा मग पैदासकारांचा ध्यासच झाला. सुपर लेमन हेझचा फुलोरा साधारण ९ ते १० आठवड्यांत तयार होतो, हे त्याच खटाटोपाचं फळ.

लिंबाचा वास नेमका येतो कुठून? मादी झाडाच्या फुलोऱ्यावर दहिवरासारख्या चमकणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य तिथेच तयार होतं आणि सुवासिक टर्पिनंही तिथेच. त्यातलं लिमोनिन सगळ्यांत गाजलेलं. पण नावावर जाऊ नका. लिमोनिन संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक असतं. लिंबाचा खास वास मुख्यतः सिट्रल या दुसऱ्याच द्रव्याचा. आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रासायनिक अभ्यासाने दाखवलं, की गांजाच्या वाणावाणांतल्या वासाचा फरक बराचसा टर्पिनांव्यतिरिक्तच्या, अत्यल्प प्रमाणातल्या संयुगांमुळे पडतो. फळांच्या वासामागे त्यातली काही गंधकयुक्त असतात.

गांजाच्या झाडाचे सॅटायव्हा आणि इंडिका असे दोन प्रकार मानतात. परिणामाबद्दल विक्रेते ठरलेलं बोलतात: सॅटायव्हा म्हणजे तरतरी, इंडिका म्हणजे सुस्ती, आणि लिंबाचा वास म्हणजे मन प्रसन्न. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५मध्ये ‘इंडिका’ हे नाव दिलं ते भारतातून आलेल्या झाडांना. आजच्या संकरांत त्या वाटणीचा मागमूस फारसा उरलेला नाही. २०२१मध्ये ‘नेचर प्लांट्स’मधल्या अभ्यासातही ही लेबलं आणि झाडांची जनुकीय जवळीक यांचा मेळ नीट बसला नाही.

लिमोनिनची बाजू मात्र अगदीच पोकळ नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३० मिलिग्रॅम टीएचसीच्या वाफेबरोबर १५ मिलिग्रॅम लिमोनिन दिल्यावर लोकांना जाणवणारी धास्ती आणि संशयीपणा कमी झाला. ही बातमी जाहिरातीत लगेच शिरली. आता हिशेब करू. २० टक्के टीएचसी आणि १ टक्का लिमोनिन असलेल्या फुलोऱ्यात ३० मिलिग्रॅम टीएचसीमागे लिमोनिन येतं दीड मिलिग्रॅम, म्हणजे प्रयोगातल्याच्या दहावा हिस्सा. शिवाय २० टक्के हे प्रमाण जोरदारच. नवख्याला छातीत धडधड, घबराट होते ती यामुळेच, वास कितीही ताजातवाना असो.

लागवडीत या वाणाची खोड एकच: रोज बारा तास अंधार मिळून फुलोरा सुरू झाला की आधी उंचीच वाढते, फांद्यांना आधार द्यावा लागतो. बियांपासूनची सगळी भावंडं सारखी निघत नाहीत. म्हणून चांगल्या वासाचं एक मादी झाड राखून त्याच्या फांद्यांपासून रोपं केली जातात. खरी परीक्षा काढणीनंतर. लिमोनिन चटकन उडून जातं, त्यामुळे उष्णतेत घाईने सुकवलेल्या मालात हिरव्या गवताचा वास राहतो. डबी महिनोन्‌महिने उघडी राहिली तर आधी लिंबू जातं; टीएचसी मात्र त्यानंतरही बरंच शिल्लक असतं.