ईश्वरेच्छेची पारख

ईश्वरेच्छेची पारख : रोजच्या जगण्यातले निर्णय घेताना देवाला काय हवे आहे, हे प्रार्थना, बायबलवाचन आणि जाणत्यांचा सल्ला यांच्या आधारे ओळखण्याची ख्रिस्ती साधना. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती कुटुंबांत तिचे विषय अगदी घरचे असतात : वाडी विकावी की राखावी, मुलाने बोटीवरची नोकरी धरावी की आखातात जावे, चालून आलेले स्थळ पत्करावे का.

कोकणात देवाला कौल लावण्याची जुनी रीत आहे. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची, यावरून होकार-नकार कळतो. ख्रिस्ती माणसालाही असे रोकडे उत्तर हवेसे वाटते. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी, असे करणारे भाविक असतात. बायबलमध्येही इस्राएलचा पुढारी गिदोन याने खळ्यात लोकर ठेवून देवाकडे दोनदा चिन्ह मागितले, आणि येशूला धरून देणारा शिष्य यहूदा याच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली. मात्र पवित्र आत्मा उतरल्यानंतर शिष्यांनी चिठ्ठ्या टाकल्याचा उल्लेख नव्या करारात नाही. यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांनी सुंता करावी का, हा वाद यरुशलेमच्या सभेने मिटवला तो सर्वांचे ऐकून, आणि निर्णय कळवताना ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले’ असे लिहिले. त्यातला ‘आम्हाला’ हा शब्द फार मोलाचा आहे.

देवाची इच्छा म्हणजे कुठेतरी दडवून ठेवलेली कुंडली, या समजुतीने कित्येक श्रद्धाळू जीव उगाच घाबरून राहतात. खरे तर तिचा मोठा भाग उघड सांगितलेला आहे : न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवासमोर नम्रपणे चाल (मीखा ६:८). गड्याची मजुरी बुडवावी का, हे विचारायला नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) लागत नाही. पारख लागते ती दोन चांगल्या वाटांतून एक निवडताना.

अशा वेळेसाठी सर्वांत बारकाईने विचार केला तो येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी. त्यांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले आणि पुढे वसईलाही आले. इग्नेशियस यांच्या मते आधी मन मोकळे करावे लागते. उत्तर आधीच ठरवून देवाकडे शिक्का मागायला जाणे ही पारख नव्हे. मग निर्णय मनात धरून राहिले की आत काय उमटते ते पाहायचे. श्रद्धा, आशा, प्रीती वाढवणारा आनंद ही एक खूण. मन अंधारणे, देवापासून तुटल्यासारखे होणे ही दुसरी. अशा अंधारलेल्या मनाने पूर्वीचा निर्णय कधीही बदलू नये, हा त्यांचा नियम. मनात काहीच हालत नसेल, तर लाभ-तोटे मांडावेत, किंवा हाच प्रश्न अनोळखी माणसाने विचारला असता तर आपण काय सांगितले असते, ते आठवावे. या सगळ्याला सराव लागतो. त्यासाठी ते रोज आत्मपरीक्षण करायला सांगत. संध्याकाळच्या रोझरीनंतरची (जपमाळेच्या प्रार्थनेनंतरची) काही मिनिटेही त्याला पुरतात. आज देव कुठे भेटला, मी कुठे पाठ फिरवली, एवढेच पाहायचे.

बंद झालेले दारही उत्तर असू शकते. वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांनी जपानमध्ये येशूसंघीयांबरोबर धर्मशिक्षकाचे काम केले, पण त्या संघात प्रवेश मिळण्याची त्यांची इच्छा पुरी झाली नाही. ते व्यापाराकडे वळले आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात बंधू (व्रतस्थ सदस्य) झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्यांना क्रुसावर मरण आले; १८६२ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले.

प्रॉटेस्टंट मिशनचे काम बाणकोट व हर्णै येथे १८२३ मध्ये सुरू झाले. या परंपरेत भर बायबलच्या वचनाच्या अभ्यासावर आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चमधील भाविकांच्या, एकत्र प्रार्थनेवर असतो.

एकाला पटलेली देवाची इच्छा दुसऱ्यावर लादता येत नाही, आणि घराघरांत नेमके हेच सर्वांत अवघड जाते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई दुःखाने खचून गेल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नव्हते. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा निवाडा त्यांनी स्वतःच्याच मनाशी केला, आणि बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, १९०० मध्ये.